नवरदेव बाहेर येईपर्यंत

आनंदसरांनी तीस वर्षं बेळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळं कुणी ऐकत नसताना बोलत राहायची त्यांना सवय होती. एकट्यानं ऐकत राहणं मात्र जड जायचं. एका अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवाल्याची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ‘हार्ड बॉप’ नावाच्या जॅझची रेकॉर्ड त्यांच्याकडं होती. ती त्यांच्यासोबत आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. पत्नी विद्युल्लताबाई पहिल्याच मिनिटाला कुकर लावायला उठायच्या. कुकर लावलेला असला तरी. मित्र ‘छान आहे’ म्हणून घड्याळ बघायचे. रेकॉर्डची दुसरी बाजू कुणीतरी एकानं आपल्याशेजारी बसून ऐकावी, एवढीच सरांची इच्छा उरली होती.

मुलगी चिन्मयीच्या लग्नाचा बँड ठरवायला कंग्राळीचा भरमा आला. एरवी मच्छे गावच्या कारखान्यात लेथ मशीनवर, लग्नसराईत सॅक्सोफोनवर. बाईंनी त्याला गाण्यांची यादी दिली. सरांनी चकल्यांची बशी दिली आणि जॅझचा उगम सांगायला घेतला. भरमानं अदबीनं विचारलं, आधी ऐकू काय?

सुई टेकली. भरमा मान खाली घालून बसला. त्याची बोटं खिशावर हलू लागली, तेव्हा हा आता मोबाइल काढणार असं सरांनी ओळखलं. मोबाइल निघाला नाही, बोटं सुरांबरोबर हलतच राहिली.

“सर,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “नवरदेव अजून देवळातच हाय.”

सरांना काही उमगेना. मग भरमानं समजावलं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला आत जातो, तो लवकर बाहेर येत नाही. कुणाचा फेटा सापडत नसतो, कुणी मामा रुसलेला असतो. बाहेर बँडचं गाणं तर संपलेलं. वाजवायचं थांबलं की मंडळी पांगतात. म्हणून तीच चाल ताणायची, फिरवायची, पार लांब नेऊन परत आणायची.

“ह्यो बाबा बी त्येच करतोय. चाल कवाच संपली, ह्यो गल्लीबोळानं फिरवून आणतोय. आन् ढोलवाला मागनं कसा टोचतोय बघा. ह्यो त्येला जबाब देतोय.”

सरांनी त्या रेकॉर्डवर दोन जाड पुस्तकं वाचली होती. ढोलवाला टोचतोय हे त्यांना आज ऐकू आलं. आभार म्हणून त्यांनी भरमाच्या बशीत आणखी दोन चकल्या ठेवल्या.

बाजू संपली. भरमा उठला. सर सवयीनं ‘या परत’ म्हणणार, तर तो रेकॉर्डपाशी जाऊन वाकून बघत होता.

“उलटा की सर. नवरदेव भाईर आल्याबिगर मी कसा जाऊ?”

सरांनी रेकॉर्ड उलटली. सुई टेकली. स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असलेल्या बाई पदराला हात पुसत आल्या आणि दारातच टेकल्या.

“अजून आला नाही का हो नवरदेव?” त्यांनी हळूच विचारलं.

सरांनी ‘नाही’ अशी मान हलवली. आज त्यानं कितीही उशीर केला तरी त्यांची काही तक्रार नव्हती.