नुसती हवा भरा

ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर पार तुळतुळीत झाले होते. वारज्याला नदीकाठी, पूररेषेत अडकल्यामुळे बिल्डरच्या तावडीतून वाचलेला हिंमतरावांचा एकच तुकडा उरला होता. त्यात नांगर लावला की ट्रॅक्टर पुढे सरकायचं सोडून जागच्या जागी चाकं फिरवायचा. दोन वर्षं त्यांनी पोरामागे नव्या टायरांचं टुमणं लावलं. शुभंकर आयटीतला. हो हो म्हणायचा आणि मोबाइलात तोंड खुपसायचा. शेवटी हिंमतरावांनीही नाद सोडला.

आणि परवा हाच पठ्ठ्या आपण होऊन म्हणाला, आबा, टायर बदलून घेऊ. हिंमतराव भलतेच हरखले. अहो, बापच तो! सकाळी साबण लावून ट्रॅक्टर धुतला आणि स्वतः चालवत हायवेलगतच्या बाबुरावांच्या दुकानात नेला. शुभंकर मागून कारने आला.

बाबुरावांनी जॅक लावून चाकं उतरवली आणि जुन्या टायरमधलं पाणी सोडलं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवेबरोबर पाणीही भरतात. त्या वजनाने चाक माती धरतं. वर्षानुवर्षं आत कोंडलेलं ते पाणी काळंकुट्ट निघालं आणि अशी घाण सुटली की शुभंकरने नाकाला रुमाल लावला. हिंमतरावांना त्याचं काही वाटलं नाही. ते नव्या टायरच्या खोल खाचांवरून हात फिरवत बसले होते.

नवे टायर चढले. बाबुरावांनी पाण्याची नळी ओढून आणली, तसा शुभंकर म्हणाला, पाणी नको, नुसती हवा भरा. बाबुराव म्हणाले, अहो, मग नांगराला जोर कुठनं येणार?

"नांगराला कुठे जायचंय त्याला?" शुभंकर म्हणाला.

हिंमतरावांचा हात थांबला. मग एकेक बाहेर पडलं. शुभंकरच्या मित्राचं नवीन हॉटेल निघत होतं. चुलीवरचं मटण, बसायला खाटा, टांगलेले कंदील, सगळा गावठी थाट. दारात सिमेंटचा चौथरा बांधला होता आणि त्यावर आबांचा ट्रॅक्टर कायमचा उभा राहणार होता. जेवायला आलेली मंडळी वर चढून फोटो काढणार. तुळतुळीत टायर फोटोत बरे दिसत नाहीत, म्हणून हे नवे त्या मित्रानेच घेऊन दिले होते.

शी! हिंमतरावांचं तोंड कडू जहर झालं. कामाचा बैल मारून, त्यात भुसा भरून दारात उभा करावा, तसला प्रकार. लाज कशी वाटत नाही ह्यांना?

"तुझ्या आईला ठावं हाय का हे?"

"आईच म्हणाली, आबांना आधी सांगू नकोस."

पोराची किळस आलीच होती, आता बायकोचीही आली. पण सगळ्यात जास्त आली ती स्वतःची. हरखून जाऊन, घासूनपुसून, आपल्याच हाताने आणून दिला की यांना!

"बाबुराव, हे काढा," ते म्हणाले. "जुनंच चढवा. पाणी भरून."

शुभंकरने समजावून पाहिलं. लोक बघताहेत, मित्राला शब्द दिलाय, त्या टायरांवर शेतात काही होणार नाही. हिंमतराव त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाबुरावांनी पुन्हा जॅक लावला.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा विमलाबाई दारातच होत्या. त्यांनी तेच झिजलेले टायर पाहिले, मागून कारमधून उतरणाऱ्या लेकाचं तोंड पाहिलं आणि काय ते समजल्या. हिंमतराव खाली उतरले.

"उद्या नांगर लावतोय," ते म्हणाले. "चाकं जागच्या जागी फिराया लागली की मागनं ढकलाया तुम्ही मायलेकं या. मला न सांगता एवढं जमवलंत, तेवढंबी जमंल."