इनबॉक्समध्ये पत्ता पाठवा

ललितशेठच्या जिभेवर गूळ नव्हता, म्हणून त्यानं तो पगारावर ठेवला होता. त्याच्या अमरावतीच्या कुलरच्या दुकानात बसून जेबा फेसबुकवर गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. 'ताई, गैरसोयीबद्दल क्षमस्व. इनबॉक्समध्ये पत्ता पाठवा, आमची माणसं येतील.' शेवटी जोडलेले हात अन् खाली 'दुकानाची मॅडम'. पत्ता आला की ती शेठला सांगायची, अन् दोन दिवसांत गिऱ्हाईक स्वतःच तक्रार पुसून टाकायचं. पोरगी खूश. आपल्या शब्दाला वजन आहे, असं तिला वाटायचं. वजन होतंच, पण ते लोखंडी पाइपाचं होतं.

हे तिला कळलं ते बडनेऱ्याच्या केशरबाईंमुळे. कुलरच्या पत्र्याला करंट येतो, असं त्यांच्या नवऱ्यानं, श्रावणनं, दुकानाच्या पेजवर लिहिलं होतं. आज केशरबाईंनी त्याचा फोटो पाठवला. दवाखान्याची खाट, तारेनं बांधलेला जबडा, सुजून मिटलेला डोळा. खाली लिहिलं होतं, 'बाई, तुमी चांगल्या बोलल्या म्हनून पत्ता देल्ला. अंगनात पाडून मारलं त्याईले.'

जेबाला स्वतःच्या बोटांची किळस आली. फोन घेऊन ती तडक शेठसमोर उभी राहिली.

"हे काय करून राहिले तुमी?"

"सीझन दोन महिन्याचा हाय," ललित म्हणाला. "कोनी करंट लिवलं का धंदा पान्यात. तू गोड बोलाचं काम कर, बाकीचं आमी पाहून घेतो."

तेवढ्यात दुकानाच्या फोनवर नवी तक्रार आली. नांदगाव पेठेची पौर्णिमा. नवरा कापडाच्या कंपनीत ड्युटीवर, घरात ती अन् रांगतं लेकरू. लेकराचा हात कुलरला लागला अन् ते लांब फेकलं गेलं. 'जवाब द्या, नाहीतर व्हिडिओ टाकीन,' असं तिनं लिहिलं होतं.

"माग पत्ता," ललित म्हणाला.

"नाही मागत."

त्यानं तिच्या अशी कानाखाली दिली की ती खुर्चीसकट पत्र्यांच्या थप्पीवर कोसळली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. मागं कारागीर खिळे ठोकत होते, ते ठोकतच राहिले. नोकरी प्यारी असली की माणसाला पाठीमागचं दिसत नाही.

ललितनं तिचंच एक जुनं उत्तर उचललं अन् जसंच्या तसं पौर्णिमाला पाठवलं. ताई, क्षमस्व, जोडलेले हात, सगळं. मिनिटभरात पत्ता आला. मग त्यानं गाडीवरच्या दोघांना फोन लावला. ते नांदगाव पेठेतच कुलर उतरवत होते.

"बाई एकटीच हाय," तो म्हणाला. "फोन फोडा पयले. मंग तिले समजवा."

जेबानं ओढणीनं डोळा पुसला. स्वतःचा फोन काढून तिनं स्वतःच्या नावानं पौर्णिमाच्या तक्रारीखाली लिहिलं, 'ताई, दार उघडू नका, हे लोक मारतात.' ते गेलं. 'दुकानाची मॅडम मीच आहे' हे लिहायला घेतलं, तोच ललितची नजर पडली.

त्यानं तिचं मनगट टेबलावर दाबून धरलं अन् नट आवळायचा पान्हा उचलला. पहिल्या घावाला दोन बोटं गेली. दुसऱ्याला ती किंचाळली. बाहेर दाखवायला लावलेले कुलर घरघरत होते, त्यात तिचा आवाज विरून गेला. तिसरा घाव नखांवर बसला. मग तो हात धुवायला गेला.

फोन जमिनीवर पडला होता, काच तडकलेली, पण चालू. जेबा कोपरांवर सरकत त्याच्यापाशी पोचली. पौर्णिमाचं उत्तर आलं होतं.

'तू कोन व? दुसऱ्या दुकानाची दिसतं, त्याईचा धंदा खराब कराले बसली. माह्यं त्या मॅडमसंग बोलनं झालं, लय चांगल्या हायेत. त्याईचे मानसं आलेबी. दार उघडून राहिली मी.'