फक्कीच्या भिंती

तृप्तीनं घराचा खर्च सोळा लाखांत बसवला होता. बसवला हाच शब्द बरोबर, कारण ती ब्लाऊज शिवणारी बाई होती आणि एवढ्याशा कापडात लांब हात, खोल गळा आणि वर पाठीला गोंडे हे सगळं बसवायची तिला सवय होती. आठ लाख बँक देणार होती. पाच लाख सासरे कडूबा उसाच्या पैशातून देणार होते. तीन लाख तिच्या आणि नवऱ्याच्या, अंगदच्या शिलकीतले, त्यातले निम्मे निव्वळ शिलाईचे. धर्मराज मिस्त्रीनं सामानासकट साडेसतराशे रुपये फूट असा भाव सांगितला होता. तीस बाय तीसचं घर, नऊशे फूट, पंधरा लाख पंच्याहत्तर हजार. उरलेल्या पंचवीस हजारांत पूजा, पेढे आणि बोअरच्या मोटारीची दुरुस्ती.

त्या नऊशे फुटांत पुढच्या बाजूला, ओसरीला लागून, दहा बाय आठची एक खोली होती. ती शिलाईची. अंबडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तृप्तीचं मशीन सात वर्षं दिवाण आणि गॅसच्या मधोमध उभं होतं. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की अंगदनं ताट उचलायचं आणि जिन्यात जाऊन जेवायचं. नव्या घरात तिला दुसरं काही नको होतं. फरशी कसलीही चालेल, रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल, पण ती खोली पाहिजे.

शहागडच्या रस्त्याला घेतलेल्या प्लॉटवर सकाळी आखणी झाली. धर्मराजनं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि घमेल्यातली फक्की मुठीनं सोडत गेला. तासाभरात पांढऱ्या रेघांचं अख्खं घर काळ्या मातीवर उमटलं. दारांच्या जागी रेघ तुटलेली. आणि मग जे सगळीकडे होतं तेच इथं झालं. घर सगळ्यांना लहान दिसलं.

कडूबा बैठकीच्या खोलीत उभे राहिले. ते आणि सासूबाई दुर्गाबाई गाव सोडून आता इथंच राहायला येणार होते. पाच लाखांना आवाज असतो, तो त्यांनी लावला.

"हे काय हाय? खुराडं? माझ्याकडं चार माणसं आली तर ती बसतील का एकमेकाच्या मांडीवर ठेवू?"

"बारा बाय चौदा हाय, काका," धर्मराज म्हणाला. "मोकळ्या रानात असंच दिसतं."

"दिसतं तसंच असतं बाबा. सात फूट वाढव."

सात फूट वाढले. ते पाहून दुर्गाबाईंना धीर आला. स्वयंपाकघरातल्या फळीवर देव ठेवायला त्यांचा विरोध होता, कारण देवाला फोडणीचा ठसका लागतो. पाच बाय सहाचं देवघर निघालं. अंगद खतं-बियाणांच्या दुकानात नोकरीला होता. तो म्हणाला, आता निघतंच आहे तर एक पोर्चही निघू द्या.

"कशाला?" तृप्तीनं विचारलं.

"नव्या गाडीला."

"गाडी कुठंय?"

"पोर्च असला की गाडी येती," अंगद म्हणाला. "आधी गाडी घेऊन कुणी पोर्च बांधतं का?"

धर्मराजनं मोबाईलवर आकडे मांडले आणि वीस लाखांना पंधरा हजार कमी असा निकाल दिला. मग कडूबा म्हणाले, "मंग काहीतरी कापा ना."

मागचं दार कापलं, नऊ हजार वाचले. आणि शिलाईची खोली कापली, कारण पोर्चला नेमकी तीच जागा सोयीची होती. "शिलाई ओसरीत व्हईल," कडूबांनी सुनेला समजावलं. "उजेड बी भरपूर. तुला दिवा लावायचा खर्चा न्हाई."

धर्मराज पायानं रेघ पुसायला गेला तशी दुर्गाबाईंनी त्याला अडवलं. "पाय नका लावू. उद्या नऊला पूजा हाय. आखलेली भित तुडवीत न्हाईत." मग त्यानं केरसुणीनं पुसली. नवा हिशेब अठरा लाख साडेपस्तीस हजार आला. सोळाच्या तो जवळपासही नव्हता, पण काहीतरी कापल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसरलं होतं. अंगद तर बुलेटच्या गप्पा मारायला लागला. वरचे सव्वादोन-अडीच लाख कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. येतील, अशी हवाच झाली होती.

तृप्ती भांडली नाही. उद्या पूजा झाली की खोदाई सुरू होणार होती, आणि एकदा चर खणला की तो बुजवायला ह्या घरात कुणी तयार होणार नाही हे तिला माहीत होतं. तिच्या हातात आजचा दिवस होता. ती रेघांकडे पाहत राहिली. टेबलावर कापड अंथरलं की प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं, एवढ्यात माझं अंग बसंल का गं. सपाट पडलेलं कापड कुणालाच पुरेसं वाटत नाही. अंगात घातलं की मग तीच बाई म्हणते, बाजूनं जरा दाब. हे घरही अजून सपाट पडलं होतं. ते कुणी अंगात घातलं नव्हतं.

तिनं शेजारी राहणाऱ्या कल्याणला टेम्पो आणायला सांगितला. मग ज्या तीन बायका त्या दिवशी माप द्यायला येणार होत्या त्यांना फोन केला. दुकान आज प्लॉटवर आहे, चार वाजता या.

"काय करून राह्यली तू?" दिवाण उतरवताना अंगदनं विचारलं.

"लावून बघते. तुम्ही बुलेट बघताच की जाऊन, घ्यायची नसली तरी."

दिवाण बैठकीत गेला. गॅस, डबे आणि फ्रिज स्वयंपाकघरात. दोन कपाटं दोन खोल्यांत. मशीन ओसरीत, कडूबांच्या हुकुमाप्रमाणे. पोर्चमध्ये अंगदनं आपली जुनी मोटारसायकल लावली. तिच्याभोवती एवढी जागा उरली की ती कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसायला लागली. अंगद दोन वेळा तिला पुढे-मागे करून आला.

उद्याच्या पूजेसाठी गावाकडची माणसं आजच आली होती. त्यांच्यात कडूबांचे जुने सोबती रखमाजी होते. रस्त्यावरून जाणारेही थांबले. कडूबांनी सतरंजी अंथरली आणि पाहुण्यांना हाक मारली. त्यांचा पहिला पाहुणा सरळ रेघ ओलांडून आत यायला लागला.

"ओ, भितीतून कुठं?" दुर्गाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दार तिकडं हाय."

तो माणूस ओशाळला, वळसा घालून ओसरीतून आला आणि नसलेल्या उंबऱ्याशी चपला काढल्या. झालं. तिथून पुढे सगळ्यांनीच नियम पाळायला सुरुवात केली. एकानं आत येण्याआधी हवेत कडी वाजवली. दुर्गाबाईंनी खरोखर चहा टाकला आणि भिंतीवरून कप द्यायला नकार दिला, त्यामुळे अंगद प्रत्येक कपाला स्वयंपाकघराच्या दारातून फिरून येत होता. रखमाजींनी अदृश्य खिडकीतून बाहेर डोकावून हवा चांगली येते असं प्रमाणपत्र दिलं.

सतरंजीवर पंधरा माणसं बसली. कुणी कुणाच्या मांडीवर बसलं नाही. पाय पसरून, उशीला टेकून, मधे सुपारीचं तबक ठेवून बसली, आणि तरी मागे सात फूट तसेच पडून होते. त्या सात फुटांत एक कुत्रं येऊन झोपलं. ते भिंतीतून आलं होतं. त्याला कोण सांगणार.

रखमाजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "कडूबा, ह्याची बैठक येगळी काढली का?"

"बसा की जरा ऐसपैस," कडूबा म्हणाले.

"आमी बसलोच की. मी त्याचं इचारून राह्यलो. मिस्त्री, कुत्र्याखाली किती रुपये गेले?"

धर्मराजनं मोबाईल काढला. "एक लाख सत्तेचाळीस हजार."

बैठक इतकी हसली की कुत्रं उठलं, जागा बदलली आणि त्याच सात फुटांत पुन्हा झोपलं. कडूबा हसले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली आणि तोंडात टाकली. अडचणीच्या वेळी बोलायला लागू नये म्हणून ते एरवीही असंच करत.

तेवढ्यात राजकुमारी भाभी आल्या. ज्यांच्या दुकानातून ह्या घराची सळई आणि सिमेंट येणार होतं त्या मूलचंद शेठच्या त्या मंडळी, पुतण्याच्या लग्नासाठी सहा ब्लाऊज शिवायला टाकलेल्या. मागोमाग दोघी आणखी. भाभींनी मोटार रस्त्यावर उभी केली, ओसरी पाहिली, बैठकीतली पंधरा माणसं पाहिली.

"तृप्ती, माप इथं देऊ? सगळ्या मर्दांसमोर?"

"शिलाई ओसरीतच ठरलीय भाभी," तृप्ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली. "मामांनीच ठरवलं."

"अच्छा. मग ह्यांना सांग, आमचं होईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. आणि तोंडं तिकडं करा म्हणावं."

दुर्गाबाईंनी चादर आणली, दोन बांबू रोवून रस्त्याच्या बाजूनं बांधली. बैठकीनं मुकाट्यानं पाठ फिरवली. पंधरा गडी कुत्र्याकडे तोंड करून बसले. बैठकीचं दार ओसरीत उघडत होतं आणि ओसरीत बायका होत्या. मागचं दार नऊ हजारांसाठी सकाळीच गेलं होतं.

राजकुमारी भाभी घाईच्या बाईच नव्हत्या. गळ्याचा आकार त्यांनी तीनदा बदलला. एका ब्लाऊजला गोटापट्टी लावावी की न लावावी ह्यावर त्यांनी दुर्गाबाईंचं मत घेतलं, ते पटलं नाही म्हणून दुसऱ्या दोघींचं घेतलं. पहिल्या ब्लाऊजचं माप संपलं तेव्हा कडूबांच्या तोंडात तोबरा साठला होता. दुसऱ्याच्या वेळी गाल फुगले. घरात थुंकायचं नाही हा दुर्गाबाईंचा नियम लग्नापासूनचा होता, आणि हे घर आहे हे तर दुपारपासून सगळ्यांनी मिळून ठरवलंच होतं. रेघ दोन हातांवर होती. पलीकडे मोकळं रान होतं. कडूबांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"भितीला पाय लावू नका बरं का," दुर्गाबाई पाठ फिरवूनच म्हणाल्या. "उद्या पूजा हाय."

"काय म्हणतो कडूबा?" रखमाजींनी विचारलं. "गप का? एखांदी गोष्ट तरी सांग. ल्हानपणी आपुन शहागडला नदीवर गेल्तो ती सांग."

कडूबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाकीच्यांनी तोंडात उपरण्याचे बोळे घातले. तिसऱ्या ब्लाऊजला भाभी म्हणाल्या, "ह्याच्या बाह्या पुन्हा बघू, जल्दी नाही." कडूबा उठले. सगळ्यांना वाटलं, आता जाणार भिंतीतून. ते भिंतीपर्यंत गेले, थांबले, आणि पलीकडे उभ्या असलेल्या धर्मराजला त्यांनी टाळी वाजवून बोलावलं. घमेल्याकडे बोट केलं. मग पोर्चकडे.

"पोर्च पुसू?" धर्मराजनं विचारलं.

कडूबांनी मान डोलावली. दोन्ही पंजे वर केले. मग आठ बोटं.

"दहा बाय आठ," धर्मराज म्हणाला. "शिलाईची खोली?"

कडूबांनी पुन्हा मान डोलावली, आता जोरात.

"अण्णा, गाडीचं काय?" अंगद ओरडला. कडूबांनी मोटारसायकलकडे बोट दाखवलं आणि मग सगळ्या रानाकडे हात फिरवला. एवढी जागा आहे, लाव कुठंही.

धर्मराजनं केरसुणी फिरवली आणि मूठ सोडली. तृप्तीचा हात टेपवर थांबला होता. चार रेघा जुळेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं मशीन उचलायला अंगदला हाक मारली, आणि त्यानं चेहरा पाडूनच पण उचललं. बायका चादरीसकट आत गेल्या. भाभी दारातून आत शिरल्या आणि चारी बाजूंनी बघून म्हणाल्या, "खोली चांगली आहे. आरसा इथं लाव, उजेडाला."

ओसरी मोकळी झाली. कडूबा दारानं बाहेर पडले, ओसरी ओलांडली, पार बाभळीपर्यंत गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. परत आले तेव्हा आवाज आला होता.

"मिस्त्री, मागचं दार पुन्हा टाक," ते म्हणाले. "आन् ते कुत्र्याचे सात फूट काढ."

"देवघर?" दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ते राहू दे बाई. तुझ्याशी कोण भांडल."

धर्मराजनं शेवटचा हिशेब मोठ्यानं वाचला. नऊशे तीस फूट. सोळा लाख साडेसत्तावीस हजार.

कडूबा सुनेच्या खोलीच्या दाराशी आले, पण आत आले नाहीत. "पोरी, साडेसत्तावीस हजार वर जाऊन राह्यले. आन् तुझे पूजा-पेढ्याचे पंचवीस बी वरच आले."

"जाऊ द्या मामा," तृप्ती म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती जपून हसली. "ते ह्या खोलीतून काढते. लग्नसराई आत्ता सुरू झालीय."

"किती दिवसात काढशील?"

"तुम्ही बैठकीत बसा आणि मोजा," ती म्हणाली, आणि भाभींच्या बाहीची लांबी पुन्हा घेतली.