फुगलेल्या नूडल्स

नूडल्सच्या दुकानात शिरल्यापासून आजोबांनी टोपी काढली नव्हती आणि टेबलाखाली पुई-शानचा पाय थांबायला तयार नव्हता.

"पाय हलवू नकोस. नशीब गळून जातं सगळं," आजोबा कुजबुजले.

"आणि तुम्ही टोपी घालून बसलाय ते? डोक्याला थंडी वाजतेय का?"

भिंतीकडे तोंड करून आजोबा तिथल्या रीतीप्रमाणे गरम चहाने टेबलावरचे रिकामे वाडगे विसळत राहिले. मघाशीच विसळून झालेले वाडगे पुन्हा विसळत होते! भिंतीपलीकडून आवाज येत होता, धप्प, धप्प, धप्प. प्रत्येक धप्पला आजोबांचे खांदे जरासे उडायचे.

पलीकडे त्यांचा थोरला भाऊ कम-तोंग कणकेवर आडव्या टाकलेल्या जाड बांबूवर एक टांग टाकून बसला होता आणि उड्या मारत बदकाच्या अंड्यांत मळलेली नूडल्सची कणीक दाबत होता. तरुणपणी दोघे भाऊ आळीपाळीने त्याच बांबूवर बसायचे. मग एका नववर्षाच्या तोंडावर, दुकानात गिऱ्हाइकांमुळे पाय ठेवायला जागा नसताना, आजोबा दादाला एकटं टाकून बांबूवरून उतरले आणि थेट हाँगकाँगच्या बोटीत चढले. जन्मभर मिनीबस चालवली. त्यानंतर भावाशी एक शब्द नाही. आणि आता पुढच्या आठवड्यात सगळं घर कॅनडाला निघालं होतं, आजोबांसकट, कायमचं.

घरी सांगितलं होतं, मकाऊला बदामाची बिस्किटं आणायला जातोय.

"दादाच्या हातची चव घ्यायची आणि पुढच्या बोटीने परत," आजोबांनी येतानाच बजावलं होतं. "मी आलो होतो हे त्याला कळताही कामा नये." पुई-शानने मान डोलावली होती खरी, पण तेव्हापासून ती आतून नुसती उकळत होती. एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि भिंतीकडे बघून जायचं?

वाढणाऱ्या मावशींनी दोन वाडगे आदळले. "चला, गरम आहे तोवर! जागा अडवू नका, बाहेर लोक उभे आहेत."

वाडगा अगदी जसा हवा तसा होता. तळाशी वाँटनच्या सारण भरलेल्या पुरचुंड्या, त्यावर चमचा, चमच्यावर नूडल्सचा पुंजका, भिजून फुगू नये म्हणून सूपच्या वर डोकं काढून बसलेला. आजोबांनी चॉपस्टिक्सकडे हात नेला आणि तिथेच पुई-शानच्या डोक्यात वीज चमकली.

तिने त्यांच्या चॉपस्टिक्स पळवल्या. त्यांच्या वाडग्यातला चमचा खस्सकन ओढला आणि नूडल्स सूपमध्ये खोल दाबून टाकल्या.

"अगं! वेड लागलं का तुला?"

"तुम्हीच सांगायचात ना? दादा सगळं सहन करेल, पण फुगलेली नूडल नाही. एका बड्या गिऱ्हाइकाच्या पुढ्यातून वाडगा उचलून नेला होता म्हणे."

आजोबांचा चेहरा पांढरा पडला. "चॉपस्टिक्स दे इकडे. बोट चुकेल."

"चुकू दे."

त्याच टेबलापाशी समोर बसलेले एक अनोळखी काका वर्तमानपत्रावरून डोकावले. "पोरी, त्या नूडल्स बुडून मरतायत. वाचव त्यांना."

"त्यांना पोहता येतं, काका."

"काही पोहत नाहीयेत! बघ, कशा सुजल्यायत!" काकांना राहवेना. ते अर्धवट उठून ओरडले, "अहो बाई, इकडे बघा, काय अत्याचार चाललाय!"

मावशी आल्या, त्यांनी वाडग्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मालक! या जरा बाहेर! एकजण नूडल्स भिजत घालून बसलाय!"

धप्प थांबलं.

पुई-शानचा पायसुद्धा थांबला. अरे देवा, आपण काय करून बसलो! त्या म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर हाकलून दिलं तर? मग आजोबा कॅनडात तरी कुणाला तोंड दाखवतील?

कोपरापर्यंत पीठ माखलेला एक लंगडा म्हातारा बाहेर आला. "कोण आहे तो? पैसे नकोत मला तुमचे. उठा! खायचं नव्हतं तर मागवलंत कशाला?"

आजोबा उठले. टोपी काढली. "दादा."

कम-तोंगने आधी भावाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, आणि वाडग्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"फुगवल्यास."

"मी नाही, हिने..."

"इतक्या वर्षांनी आलास तो पोरीवर ढकलायला?"

काका वर्तमानपत्रामागे फिस्सकन हसले. आजोबांच्या हातात टोपीचा पार चोळामोळा झाला होता.

"पुढच्या आठवड्यात जातोय, दादा. लांब. म्हटलं, एकदा..."

"आत कणीक अर्धी पडलीय," कम-तोंग मध्येच म्हणाला. "तुझ्यापायी उतरलो मी बांबूवरून. आता सुकायला लागली असेल. माझा गुडघा आज पुन्हा चढू देणार नाही."

आजोबा नुसते उभे.

"उभा काय राहिलायस, चुएन? जा, बस!"

आजोबा जवळजवळ पळतच आत गेले. कम-तोंग लंगडत मागोमाग. जाता जाता तो मावशींना म्हणाला, "ही कणीक मुरेपर्यंत या पोरीला हलू द्यायचं नाही. ताज्या नूडल्स खाऊन मगच जातील दोघं."

"बोटीचं काय?" पुई-शानने विचारलं.

जरा वेळाने पुन्हा आवाज सुरू झाला. धप्प. मग बराच वेळ काही नाही. धप्प-धप्प. "कंबर सैल सोड, गाढवा! मिनीबस नाहीये ती!"

काकांनी फुगलेल्या नूडल्सचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "पाप तुझं, तूच खा."

पुई-शानने लाल व्हिनेगर ओतलं आणि घास घेतला. शी! ओल्या लोकरीसारखं लागत होतं. पर्समधला फोन वाजायला लागला, आईचा होता, बंदराकडे बोटीचा भोंगा झाला, आणि टेबलाखाली तिचा पाय पुन्हा हलू लागला. तिने फोन उचलला नाही. नूडल्स मात्र सगळ्या संपवल्या.