एकाचा झाला नऊ

घोडेगावजवळच्या एका शाळेत सत्यशीलाबाई नववीला गणित शिकवतात. एका शनिवारी त्यांनी फळ्यावर ०.३०१ लिहिलं. "ही संख्या एकातून वजा करा. आलेल्या उत्तरानं मूळ संख्येला गुणा, मग चारानं गुणा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. अशा आठ पायऱ्या."

कॅल्क्युलेटरवर बोटं चालू लागली. सगळ्यांचं उत्तर ०.७२ च्या आसपास आलं. शेवटच्या बाकावरच्या क्रिस्टीनाचं मात्र जवळजवळ शून्य.

"हिचं नेहमीचंच," कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. क्रिस्टीनानं वही मिटून घेतली.

बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. वही उघडून त्यांनी एकेक पायरी तपासली. एकही चूक नव्हती. मग नजर पहिल्या ओळीवर गेली. तिथं ०.३०९ होतं.

"फळ्यावर शेवटचा आकडा कोणता गं?"

"नऊ."

"जरा पुढं जाऊन बघ."

ती चार बाकं पुढं गेली आणि थबकली. "एक आहे, बाई."

वर्ग पुन्हा हसणार तोच बाई म्हणाल्या, "थांबा. मला सोमवारी शिकवायचं होतं ते हिनं आजच दाखवलं. सुरुवातीला फरक किती? हजारात आठ. नियम तोच, गुणाकार बरोबर, तरी आठ पायऱ्यांत उत्तर कुठल्या कुठं गेलं. गणितात याला केऑस म्हणतात. फार पुढच्या दिवसांचं हवामान नेमकं सांगता येत नाही, ते यामुळंच."

शाळा सुटल्यावर बाईंनी क्रिस्टीनाच्या वडिलांना बोलावून घेतलं. सॅमसन टेम्पो बाहेर लावून आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"बाई, मी तिला लई बोललो. ध्यान न्हाई, ध्यान न्हाई म्हनून. पोरीला दिसतच नव्हतं व्हय?"

"आठवीपासून शिकवतेय मी तिला. मला तरी कुठं कळलं?"

पुढच्या गुरुवारी क्रिस्टीना चष्मा लावून आली. प्रार्थना संपली तरी ती अंगणातल्या कडुलिंबाकडं मान वर करून बघत उभी होती.

"बाई, मोठ्या फांदीला लहान फांदी, तिला आणखी बारकी... आणि ती बारकी फांदीसुद्धा अख्ख्या झाडासारखीच दिसती!"

"त्याला फ्रॅक्टल म्हणतात," बाई म्हणाल्या. तिच्या चष्म्यावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. मग वर्गाला हाक मारली, "वह्या घेऊन बाहेर या रे. आजचा तास इथंच."