चिकटवलेलं बोट

मी एक जुना, कापूस भरलेला किनारपक्षी आहे, मित्रांनो. संग्रहालयातल्या लाकडी खणात उताणा पडून असतो. माझ्या जातीचा दुसरा पक्षी आजवर कुणाला सापडलेला नाही. माझ्यावरून भांडणं होतात ती त्यामुळेच.

मला ज्यांनी भरलं ते गुरुजी तेव्हा नवशिके होते. घाईत माझ्या उजव्या पायाचं मधलं बोट तुटून हरवलं. वरिष्ठ रागावतील म्हणून त्यांनी चिखल्या नावाच्या दुसऱ्या जातीच्या, खराब झालेल्या पक्ष्याचं बोट सरसानं मला चिकटवलं आणि नोंद मात्र केली नाही.

पुढे माझी चोच, पंख, कवटी मोजून त्यांनी ठरवलं, की मी तुतवार पक्ष्यांच्या कुळातला. त्या आधारावर त्यांनी किनारपक्ष्यांची अख्खी वंशावळ मांडली. तीस वर्षं खपले. लांबून माणसं मला बघायला येत. खोटं कशाला सांगू, भरलेल्या कापसापेक्षा मी जास्त फुगलो होतो.

मग त्यांची विद्यार्थिनी संशोधक होऊन परतली. चोच फसवते, नातं जनुकांत वाचायचं, असं तिचं म्हणणं. तुझ्या यंत्रानं पक्षी कधी पाहिलाय का, असं गुरुजी विचारत. दोघांची जुंपली की जेवणाचे डबे उघडेच राहत.

गुरुजी रजेवर असताना तिनं माझ्या पायाचा कण कापून घेतला. धडधाकट बोटांना इजा नको म्हणून तिनं नेमकं सैल झालेलं बोट निवडलं. इतकी तिला माझी काळजी!

निकाल आला. मी चिखल्यांच्या कुळातला ठरलो.

ती कागद घेऊन गुरुजींकडे आली.

"सर, छापायच्या आधी भांडून घ्या. काही चुकलं असेल तर तुम्हालाच दिसेल."

गुरुजींनी मला हातात घेतलं. अंगठा त्या बोटावर थांबला. बोलले असते तर तीस वर्षं वाचली असती. पण मग त्यांनी भरलेल्या इतर शेकडो पक्ष्यांवर कुणी विश्वास ठेवला असता?

"तुझंच बरोबर, पोरी," ते म्हणाले. "मी चोचीला भुललो."

जिंकूनही तिचा चेहरा पडला.

जनुकं खोटं बोलली नाहीत. ज्याचं बोट, त्याचंच कूळ त्यांनी सांगितलं. आता मी चिखल्यांच्या खणात, परक्यांत पडून आहे. गुरुजी इकडे फिरकत नाहीत. तिनं लेखाच्या शेवटी त्यांचे आभार मानलेत, मोठ्या मनानं चूक कबूल केली म्हणून.

मित्रांनो, धूळ आणि कसर यांपासून तुम्ही आम्हाला जपता. आमच्या बाबतीत झालेली चूकही सांगत जा. आम्हाला बोलता येत नाही.