तिसरा मालक

मंडळी, घरात माणसं पाच आणि गाडीत जागा दोन, असा हिशेब कुठल्या शहाण्यानं केला असेल? मांडवगण फराट्याच्या सुदर्शननं केला. रांजणगावजवळची दीड एकर विकली आणि पुण्याहून पिवळीधमक, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आला. गाडी जुनी. आधी दोन मालक होऊन गेलेले. त्याची आई पुतळाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, मग आत डोकावली.

"आन् मी कुठं बसू रं?"

सुदर्शनची बायको अनुपमा तोंडाला पदर लावून हसली. दोन्ही लेकरं मागची सीट शोधत गाडीभोवती फिरत होती.

"तुला येष्टी हाय की!" सुदर्शन खेकसला. "ही बसायला न्हाई घेतली."

"मग कशाला घेतली?"

त्यानं फडकं घेऊन काच पुसायला सुरुवात केली. पण कशाला घेतली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात दौंडला भाचीचं लग्न होतं. चुलतभाऊ विश्वजीतनं नुकतीच मोठी गाडी घेतलेली. निघताना ती माणसांनी भरली, तेव्हा विश्वजीत चारचौघांत म्हणाला, "सुदर्शन, तू पिकपमधी बस, भांड्यांच्या संगं." बोलला आणि विसरला. सुदर्शन पातेल्यांच्या मधे बसून दौंडपर्यंत गेला आणि मांडवात न जेवता परतला. एवढीशी गोष्ट! पण आपल्या भावकीत एवढ्याशा गोष्टीवर डोकी फुटतात, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

विश्वजीतचे वडील बापूसाहेब. सुदर्शनचा बाप तो पाच वर्षांचा असतानाच गेला. तेव्हापासून या चुलत्यानं दोन्ही पोरांना एका ताटात जेवू घातलं, आणि पुढं वाटणीच्या वेळी पाण्याजवळची जमीन पुतण्याला दिली. सुदर्शन त्यांना आप्पा म्हणायचा. आप्पांनी गाडी पाहिली, टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "झ्याक हाय. पर दमानं चालव." त्यांच्या मनात काही नव्हतं.

आता गाडीची तऱ्हा बघा. जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंच! आणि सुदर्शनच्या वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्यात विश्वजीतच्या उसाला पाणी नेणारी चारी आडवी होती. रोज येता-जाता गाडीचं पोट त्या चारीवर खर्रकन घासायचं आणि सुदर्शनच्या काळजात चर्र व्हायचं. शेवटी तो फाट्यावरच्या चांदभाईंच्या गॅरेजात गेला. चांदभाई त्याच्या बापाचे दोस्त. जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करून विकायच्या आणि बाजाराच्या दिवशी आपली खटारा जीप भाड्यानं मारायची, असा त्यांचा तीस वर्षांचा धंदा.

चांदभाई गाडीखालून सरकत बाहेर आले. "इंजिनच्या तेलाचं चेंबर हाय ना, ते आत दबलंय. अजून एक दणका बसला तर फुटंल. तेल गेलं की इंजिन बंद."

"डीलर म्हनला व्हता, एक ओरखडा पडला तरी रिसेलला भाव पडतो."

"ओरखडा न्हाई पडला तरी पडतो! आज घेतल्या भावाला ही उद्या जात न्हाई." चांदभाईंनी फडक्याला हात पुसले. "सुदर्शन, मी जुनी गाडी घेताना आधी मालकाकडं बघतो. असल्या गाडीचा पयला मालक हौसेनं घेतो. त्याचं मी वाईट म्हनत न्हाई, हौसेला मोल नसतं. दुसरा घेतो लोकांनी बघावं म्हनून. आन् तिसरा घेतो कुनाला तरी जळवायला. तू कितवा?"

सुदर्शननं गाडीची किल्ली बोटावर फिरवली.

"इकून टाक. तुज्या बापाच्या जागी हाय म्हनून सांगतो."

"आन् इश्वजीत हसंल त्याचं काय?"

"हसू दे! हसन्यानं कुनी मेलंय व्हय?"

"चांदभाई, तुम्ही पाने फिरवा. मला शिकवू नका," असं म्हणून सुदर्शननं दार आपटलं.

गाडी उंच करता येईना, तर या बहाद्दरानं काय करावं? चारीच बुजवली! दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि रस्ता परटघडीसारखा सपाट केला. कुणाच्या उसाला पाणी जातंय, कुणाची पाळी कधी आहे, काही विचारलं नाही. पिवळी गाडी त्यावरून अलगद गेली तेव्हा त्याला केवढा आनंद झाला!

चौथ्या दिवशी सकाळी कालव्याला पाणी सुटलं. विश्वजीतच्या नव्यानं लावलेल्या उसाची पाळी होती. पाणी मुरुमाला तटलं आणि उलट फिरून रस्त्यावर पसरलं. विश्वजीत मोटारसायकलवर आला, खांद्यावर फावडं. आला तसा मुरूम उकरू लागला. तेवढ्यात समोरून सुदर्शन गाडी घेऊन आला.

"हात लावू नगंस!"

"पानी माजं हाय! तुज्या खेळण्यासाठी माजा ऊस जाळू व्हय?"

"खेळनं कुनाला म्हनतो रं? जळतंय व्हय तुजं?"

"जळाया काय हाय त्यात? आईला बसवता येत न्हाई अशी गाडी!"

ते वाक्य सुदर्शनच्या वर्मी लागलं. त्यानं विश्वजीतच्या छातीवर धक्का मारला. विश्वजीत चिखलात पडला, उठला, आणि रागानं फावडं उचलून त्यानं थेट गाडीच्या बोनेटवर हाणलं. एकदा. दोनदा. पत्रा आत गेला, काच तडकली.

मंडळी, माणसाला मारलं असतं तर सुदर्शन कदाचित भानावर राहिला असता. पण गाडीला मारलं! त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं विश्वजीतच्या तोंडावर बुक्की मारली, ओठ फाटला, दात बाहेर आला. विश्वजीतनं त्याचं डोकं धरून गाडीच्या दारावर आपटलं. दोघं चिखलात लोळले, एकमेकांचे गळे आवळू लागले. ज्यांनी एका ताटात खाल्लं ते दोघं एकमेकांचा जीव घ्यायला निघाले! सुदर्शनच्या हाताला चारी बुजवताना तिथंच राहिलेली लोखंडी पहार लागली. तो उठला आणि त्यानं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली.

"आरं पोरांनो, थांबा!"

आरडाओरड ऐकून आप्पा उसातून धावत आले होते. ते मधे शिरले. पहार खाली आली ती त्यांच्या कानाच्या वर.

आवाज फार मोठा झाला नाही. आप्पा गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. पांढऱ्या केसांतून रक्त वाहू लागलं आणि साचलेल्या पाण्यात मिसळलं.

"आप्पा!" दोघांच्या तोंडून एकदमच निघालं.

जवळ दुसरी चारचाकी नव्हती. विश्वजीतची मोठी गाडी त्याची बायको सारिका शिरूरला घेऊन गेलेली. विश्वजीतनं बापाला उचललं आणि पिवळ्या गाडीकडं धावला. सुदर्शननं दार उघडलं आणि एक क्षण, फक्त एक क्षण, तो दारातच आडवा उभा राहिला. आत सीटा पांढऱ्या कातड्याच्या होत्या. डाग पडला तर भाव पडतो, असं डीलर म्हणाला होता.

विश्वजीतनं ते बघितलं. सुदर्शनलाही आपण काय केलं ते कळलं आणि त्या क्षणाची लाज त्याला पहारीच्या घावापेक्षा जास्त लागली.

आप्पांना आडवं करता येईना. सीट एवढीशी, पाय दुमडेनात. डोकं एकसारखं दाराकडं कलंडत होतं. बापाचं डोकं धरायला विश्वजीतला आत जागा नव्हती. तो रडत मोटारसायकलवर मागून निघाला. सुदर्शन एका हातानं आप्पांची मान सावरत गाडी पळवत होता. दौंडच्या रस्त्याला पहिल्याच वाडीत गावकऱ्यांनी घातलेला उंच गतिरोधक होता. गाडी त्यावर आदळली, खालून काहीतरी फुटलं, आणि रस्त्यावर काळं तेल सांडत गाडी थांबली ती थांबलीच!

तो हॉर्न वाजवत राहिला. ताशी अडीचशेनं पळणारी गाडी एका वाडीच्या वेशीत मरून पडली होती आणि आत त्याचा चुलता मरत होता.

मागून बाजाराच्या बाया घेऊन एक जीप आली. चांदभाईंची. त्यांनी ना काही विचारलं, ना टोमणा मारला. "उतरा गं समद्याजणी!" एवढंच ओरडले. पाट्या घेऊन बाया उतरल्या. विश्वजीतनंही मोटारसायकल तिथंच टाकली. रंगुबाई नावाची भाजीवाली मात्र आतच राहिली. तिनं आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, नवं लुगडं टरकन फाडलं आणि जखमेवर दाबून धरलं. लोक ज्या जीपला भंगार म्हणत, तिच्यात जखमी माणूस लांब निजला, दोन्ही पोरं त्याच्या पायाशी बसली, आणि तरी जागा उरली!

दौंडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेर भावकी जमली. हवालदार जबाब घ्यायला येणार म्हटल्यावर वडीलधारे तात्याबा दोघांना कोपऱ्यात घेऊन गेले. "आप्पा टॅक्टरवरून पडले, असं सांगायचं. घरातलं घरात मिटवू. समद्या गावात असंच चालतं."

विश्वजीत मान खाली घालून उभा होता. हवालदारानं वही उघडली. "कसं काय लागलं?"

"टॅक्टरवरून..." तात्याबांनी सुरुवात केली.

"न्हाई!" सुदर्शन पुढं आला. "मी मारलं. पहार माज्या हातात व्हती. माज्या गाडीसाठी मी चारी बुजवली, भावाला मारायला पहार उचलली, आन् ती आप्पाला लागली."

"येड्या, तुरुंगात जाशील!" तात्याबांनी त्याचा दंड धरला.

"जाईन की! पर आप्पा पडले असं लिहिलं, तर चूक आप्पाची ठरंल. जन्मभर त्यांनी आमच्या चुका निस्तरल्या. ही बी त्यांच्याच डोक्यावर घालू व्हय?"

तसा विश्वजीत पुढं आला, फुटक्या ओठानं म्हणाला, "फावडं आधी मी घातलं. ते बी लिव्हा. आन् पिकपमधी बसायला बी मीच सांगितलं व्हतं."

"ते कलमात बसत न्हाई," हवालदार म्हणाला.

"बसत नसलं तरी लिव्हा!"

आप्पा वाचले. पण उजवा हात लुळा पडला, आणि बोलताना शब्द अडकतात. सुदर्शन काही महिने आत राहून जामिनावर आला. खटला चालू आहे. रोज सकाळी तो आप्पांना भाकरी कुस्करून भरवतो. आप्पा खातात. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि सुदर्शननंही कधी विचारलं नाही.

आणि गाडी? इंजिन, पत्रा, काच दुरुस्त झाली, मग पुण्याचा डीलर येऊन बघून गेला. सीटवरचा रक्ताचा डाग त्यानं नखानं खरवडून पाहिला आणि म्हणाला, "कव्हर बदललं की भाव येईल." बदललं, आणि आला! गाडीला आता चौथा मालक मिळाला आहे. कुठल्या गावचा ते मला माहीत नाही. तुमच्याही गावचा असेल.

म्हणून बंधू-भगिनींनो, हात जोडून सांगतो. हौस करा, गाडी घ्या, जुनी घ्या, नवी घ्या, दोन सीटांची घ्या नाहीतर दहा सीटांची. पण घेण्याआधी स्वतःला खरं विचारा, की ही मी कुणासाठी घेतोय? कुणाला खाली बघायला लावायचं म्हणून घेत असाल तर घेऊ नका. वस्तूचा भाव पडला तर पुन्हा चढतो. आपल्या हातून पडलेलं माणूस मात्र पहिल्यासारखं उभं राहत नाही.